ओल्या कागदाची ताकद आणि 'परिणाम करणारे घटक' नावाचा तक्ता

कागदावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक, आढावा लेख किंवा प्रबंध उघडा. एका पानावर हमखास एक तक्ता सापडतो: 'ओल्या कागदाच्या ताकदीवर परिणाम करणारे घटक'. डावीकडे नावं असतात: तंतूंची लांबी, रिफायनिंग, फाइन्स, फिलर, तापमान, पृष्ठताण, रसायनं. उजवीकडे बाण असतात, वर किंवा खाली. परीक्षेला हा तक्ता पाठ करून जायचं, सेमिनारमध्ये स्लाइडवर टाकायचा आणि पुढे सरकायचं, असा शिरस्ता आहे.

आज मला या तक्त्याबद्दल तक्रार करायची आहे. त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या प्रयोगात खरी ठरलेली आहे, तेव्हा माहिती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की बाण एका दिशेचा काढला की त्याखाली लपलेले दोन-तीन वेगळे प्रश्न एकच होऊन जातात. मग मशीनवर कागद तुटत असेल, तर तक्ता हातात असूनही काय करायचं ते कळत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू

'ओल्या कागदाची ताकद' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर पाण्यात भिजलेला टिश्यू किंवा चहाची पिशवी येते. ती वेगळी गोष्ट. तिथे कागद एकदा पूर्ण वाळलेला असतो आणि नंतर भिजतो. त्याने भिजून टिकावं म्हणून लगद्यात खास रेझिन घालतात. हे रेझिन वाळताना, उष्णता मिळाल्यावर आपलं जाळं विणतं.

आपण बोलतोय तो कागद अजून एकदाही वाळलेला नाही. तो मशीनवर जन्माला येतोय. हेडबॉक्समधून वायरवर पडतो तेव्हा तो जवळजवळ पाणीच असतो. तंतू असतात शंभरात एक भाग किंवा त्याहून कमी. वायरच्या शेवटी कोरडेपणा साधारण 20 टक्के होतो, म्हणजे एक ग्रॅम तंतूंमागे चार ग्रॅम पाणी. प्रेसमधून बाहेर पडताना तो 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास असतो. मग ड्रायर. या वायर ते ड्रायरच्या प्रवासात काही ठिकाणी कागदाला आधार नसतो. एका रोलवरून सुटून दुसऱ्यापर्यंत तो हवेतून ओढला जातो. गिरणीतली माणसं याला 'ओपन ड्रॉ' म्हणतात. पेपर तुटतो तो बहुतेकदा इथे किंवा इथल्या जखमेमुळे पुढे.

चहाच्या पिशवीचं रेझिन इथे जवळपास काहीच कामाचं नाही, कारण ते अजून पिकलेलंच नसतं. दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात, 'रसायनांमुळे ताकद वाढते' एवढ्या एका ओळीत कोंबलेल्या मी पाहिल्या आहेत. ही ओळ वाचून कुणी रेझिनचा डोस वाढवला, तर पैसे जातील आणि कागद तुटायचा तसाच तुटेल.

पहिला दोष: दोन प्रश्नांचा एक बाण

आता मुख्य मुद्दा. ओल्या कागदाची ताकद सगळ्यात जास्त कशावर ठरते? कोरडेपणावर. हे इतकं ठळक आहे, की बाकीचं सगळं त्याच्या सावलीत जातं. म्हणून कुठल्याही घटकाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. एक, या घटकामुळे कोरडेपणा किती बदलतो? दोन, कोरडेपणा तोच ठेवला तर ताकद किती बदलते?

तापमानाचं उदाहरण घ्या, कारण त्यात आकडे स्वच्छ आहेत. पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसवर नेलं, तर त्याची श्यानता 1.0 वरून सुमारे 0.47 मिलिपास्कल-सेकंदांवर येते, म्हणजे निम्म्याहून खाली. पातळ झालेलं पाणी प्रेसमध्ये भराभर निघतं, कोरडेपणा वाढतो, ताकदही वाढते. तक्त्यात बाण वर.

पण तेवढ्याच तापमानवाढीत पाण्याचा पृष्ठताण 72.8 वरून सुमारे 66 मिलिन्यूटन प्रति मीटर होतो, म्हणजे नऊ टक्क्यांनी कमी. तंतूही गरम पाण्यात मऊ पडतात. म्हणून कोरडेपणा तोच धरला, तर गरम कागद थंड कागदापेक्षा कमजोर असतो. चाचण्यांमध्येही तसंच दिसलेलं आहे. म्हणजे बाण खाली.

मग तापमानाचा बाण वर की खाली? उत्तर: तुमची प्रेस किती पाणी काढू शकते त्यावर. प्रेस चांगली असेल तर पहिला परिणाम दुसऱ्यावर मात करतो. प्रेस आधीच आपल्या मर्यादेला पोचली असेल, तर वाफ खर्च करून तुम्ही कागद नुसता मऊ करता.

फाइन्सचंही तेच. फाइन्स म्हणजे लगद्यातला बारीक चुरा. तो तंतूंमधल्या फटी भरतो, संपर्क वाढवतो, त्यामुळे ठरावीक कोरडेपणाला ताकद वाढते. पण हाच चुरा पाणी धरून ठेवतो, निचरा मंदावतो, कोरडेपणा घटतो. रिफायनिंगमध्ये हे दोन्ही एकत्र होतं: तंतू लवचिक होतात, फाइन्स तयार होतात आणि लगदा पाणी सोडायला कुरकुरतो.

आपल्याकडे हा भेद आणखी महत्त्वाचा का, ते सांगतो. भारतात कागदाचा मोठा भाग रद्दीपासून बनतो. एकदा वाळलेला तंतू पुन्हा भिजवला तरी पहिल्यासारखा फुगत नाही. आतून थोडा आखडलेला, ताठरच राहतो. असा लगदा पाणी लवकर सोडतो, ही चांगली गोष्ट. पण त्याच कोरडेपणाला त्याची ताकद कमी असते, ही वाईट. तक्त्यात मात्र 'रद्दी: खाली' एवढंच असतं. उसाच्या चिपाडाची गोष्ट उलटी आणि जास्त अवघड. तंतू आखूड, त्यात भेंडासारखा मऊ गर. हा गर नीट काढला नाही तर निचराही वाईट आणि ताकदही कमी; दोन्ही बाण खाली. चिपाडावर काम करणाऱ्या गिरण्या गर वेगळा करण्यावर एवढी मेहनत का घेतात, याचं उत्तर या दोन बाणांत आहे.

दुसरा दोष: 'का' चं उत्तर मिटल्यासारखं दाखवणं

तक्त्याच्या वर सहसा एक परिच्छेद असतो: ओला कागद केशाकर्षणामुळे टिकतो, सुका कागद हायड्रोजन बंधांमुळे. वाक्य छान आहे. पण ते निकाल म्हणून छापलं जातं, तिथे मला अडचण आहे.

आधी त्याची जमेची बाजू. दोन तंतूंमध्ये एक मायक्रोमीटरची फट आहे आणि त्यात पाण्याचा पडदा आहे, असं धरा. पृष्ठताणामुळे त्या पाण्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 144 किलोपास्कलनी कमी होतो, म्हणजे जवळपास दीड वातावरण एवढं बळ तंतूंना एकमेकांवर दाबतं. फट दहापट अरुंद झाली की हा दाब दहापट. पाणी कमी होत जातं तसे हे पडदे लहान होतात आणि दाब वाढतो. कोरडेपणाबरोबर ताकद का वाढते, याचं हे सुरेख स्पष्टीकरण आहे.

1954 साली लाइन आणि गॅले यांनी 'टॅपी' नियतकालिकात जे काम छापलं, ते आजही वाचण्यासारखं आहे ते याचमुळे. त्यांनी लाकडाच्या तंतूंबरोबर काचेच्या तंतूंचेही ओले थर तपासले. काच हायड्रोजन बंधांनी जोडली जात नाही, म्हणून हा प्रयोग हुशारीचा. पाणी कमी होत गेलं तशी काचेच्या थराची ताकद आधी वाढली आणि मग घसरली, कारण पाण्याचे पडदेच संपत आले. लाकडाच्या तंतूंची ताकद मात्र पुढे चढतच गेली. तिथे दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. एका आलेखात दोन यंत्रणा वेगळ्या करून दाखवणं म्हणजे काय, हे शिकायचं असेल तर हा लेख शोधून वाचा.

पण पुढच्या पुस्तकांनी त्या आलेखातून फक्त वाक्य उचललं. 'केशाकर्षण बांधून ठेवतं' एवढं म्हणून भागत नाही. केशाकर्षण तंतूंना एकमेकांवर दाबतं, म्हणजे कागदाच्या जाडीच्या दिशेने. कागद तुटतो तो लांबीच्या दिशेने ओढल्यावर, तंतू एकमेकांवरून सरकून. दाबणारं बळ सरकण्याला विरोध कसं करतं? घर्षणातून. डेरेक पेज यांनी 1993 साली ओल्या कागदाचा जो सिद्धांत मांडला, त्यात हा दुवा स्पष्ट आहे: पृष्ठताण दाब देतो, दाबामुळे घर्षण होतं आणि घर्षण तंतू धरून ठेवतं. या साखळीत तंतूची लांबी का महत्त्वाची, तेही आपोआप कळतं. लांब तंतूला जास्त जागी पकड मिळते. तक्त्यात 'लांबी: वर' असं पाठ करावं लागत नाही.

मग 2010 साली मॅकगिल विद्यापीठातल्या तेहादो आणि व्हान द व्हेन यांनी 'मटेरिअल्स टुडे' मध्ये एक लेख लिहिला. शीर्षकच प्रश्न आहे: कागद वाळताना मजबूत का होतो? त्यांचं म्हणणं, केशाकर्षण एकट्याने हे ओझं पेलत नाही. ओल्या कागदात तंतूंचा गुंता आणि त्या गुंत्यातलं घर्षण हा मोठा हिस्सा आहे. लोकरीचा गुंता पाणी नसतानाही ओढून सुटत नाही, तसं काहीसं.

माझ्या वाचनात, या दोन बाजू दिसतात तेवढ्या विरोधी नाहीत. घर्षण दोघांनाही हवंय. वाद आहे तो घर्षणाला लागणारा दाब कुठून येतो यावर: पाण्याच्या पडद्यातून, की तंतू एकमेकांत वाकून अडकल्यामुळे. आणि हा वाद नुसता पुस्तकी नाही. दाब पडद्यातून येत असेल, तर पृष्ठताण कमी करणारी प्रत्येक गोष्ट शत्रू: फेस मारायची रसायनं, रद्दीतून शाई काढताना वापरलेला साबण, फिरून फिरून वापरलेल्या पाण्यात साठलेला राळेचा अंश. गुंता मुख्य असेल, तर तंतू किती लांब, किती लवचिक आणि वायरवर कसे पडतात याकडे आधी बघायला हवं. पहिल्या निदानावर उपाय पाणी स्वच्छ करणं, दुसऱ्यावर लगदा बदलणं. एक उपाय पाण्याच्या टाकीजवळ आहे, दुसरा खरेदी विभागात.

प्रयोगशाळेतली एक सवय हा प्रश्न आणखी झाकते. आपण हाताने ताव बनवतो तो बहुधा स्वच्छ पाण्यात. गिरणीचं पाणी तसं नसतं. म्हणजे पृष्ठताणाचा जो परिणाम मोजायचा, तोच आपण प्रयोग सुरू होण्याआधी नळाखाली धुऊन टाकतो आणि मग लिहितो, 'परिणाम नगण्य'.

तिसरा दोष: मशीन काय मागतं, हे न विचारणं

समजा वरचे दोन्ही दोष सुधारले. तरी तक्ता एक गोष्ट बोलतच नाही: ताकद किती *हवी* आहे?

प्रेसच्या रोलला चिकटलेला कागद ओढून सोडवायचा, तर ताण दोन कामांसाठी लागतो. एक, चिकटपणा सोडवायला. दोन, वेगाने धावणाऱ्या ओल्या कागदाची दिशा वळवायला. दुसरा हिस्सा म्हणजे दर चौरस मीटरचं ओलं वजन गुणिले वेगाचा वर्ग. हिशेब करून बघू. सुकल्यावर 50 ग्रॅमचा होणारा कागद 45 टक्के कोरडेपणाला सुमारे 111 ग्रॅम भरतो. मिनिटाला 600 मीटर वेगाला हा हिस्सा रुंदीच्या दर मीटरमागे साधारण 11 न्यूटन. 1,200 मीटरला 44. 1,800 मीटरला 100. वेग तिप्पट, मागणी नऊपट. तोच कागद 20 टक्के कोरडेपणाला, वायरवरून उचलायचा म्हटला तर वजन 250 ग्रॅम, आणि 1,200 मीटर वेगालाच मागणी 100 न्यूटनवर जाते, तेही कागद सगळ्यात नाजूक असताना.

म्हणून वेगवान मशीनवर वायरवरून कागद ओढत नाहीत. निर्वात पोकळीच्या रोलने, फेल्टच्या आधाराने उचलतात. ताकद वाढवण्याऐवजी त्यांनी मागणीच काढून टाकली. हातकागदात तर ही मागणी जवळपास नसतेच. पुण्याच्या हातकागद संस्थेत किंवा कुठल्याही हातकागद केंद्रात बघा: साच्यावरचा ओला ताव कापडावर उलटतात, थप्पी लावून दाबतात, मग वाळवतात. त्या तावाला स्वतःचं वजन ओढत हवेतून पळायचं नसतं. ओल्या अवस्थेत तो दुबळा असला तरी बिघडत नाही.

वेगाचा आणखी एक फास आहे. ड्रॉमध्ये पुढचा रोल मागच्यापेक्षा किंचित जोरात फिरतो, म्हणून कागद ताणला जातो. समजा अंतर अर्धा मीटर, वेग मिनिटाला 1,200 मीटर, ताण तीन टक्के. हे सगळं 0.025 सेकंदात घडतं, म्हणजे ताणण्याचा दर सेकंदाला 120 टक्के. आता सुक्या कागदासाठीची आयएसओ 1924-2 ही नेहमीची पद्धत बघा: 180 मिलिमीटरची पट्टी, मिनिटाला 20 मिलिमीटर. दर सेकंदाला 0.2 टक्क्यांहूनही कमी. सहाशे पटींहून जास्त फरक! ओल्या पट्ट्यांच्या कितीतरी चाचण्या याच धाटणीच्या यंत्रावर, याच धाटणीच्या वेगाने होतात.

यावर उत्तर ठरलेलं असतं: 'तुलनेसाठी चालतं'. खरंच चालतं का? ओला कागद हा ना धड घन, ना धड द्रव. झटकन ओढला तर जास्त ताठ वागतो, आणि ओढून धरून ठेवला तर त्यातला ताण क्षणात बराच उतरतो. ड्रॉमध्ये कागद ताणला, पुढे ड्रायरवर जाईपर्यंत ताण उतरला, की तो फडफडायला लागतो, सुरकुत्या पडतात आणि शेवटी तुटतो. म्हणजे तो ताकद कमी पडून तुटलाच नाही, *उरलेला* ताण कमी पडून तुटला. फिनलंडमधल्या गटांनी हे ओळखून पट्टी झटक्यात ताणून, तशीच धरून, उरलेला ताण मोजणारी यंत्रं बनवली. दोन लगदे हळू चाचणीत सारखे ठरले म्हणून उरलेल्या ताणातही सारखे ठरतील, याची हमी काही नाही. आपला तक्ता ज्या आकड्यावर उभा आहे तो मशीनने मागितलेलाच नसतो.

मग तक्ता फेकून द्यायचा का?

नाही. फेकून दिला तर परीक्षेत काय लिहाल? पण वाचताना प्रत्येक बाणाला चार प्रश्न विचारा.

हा बाण कोरडेपणाचा आहे, की ठरावीक कोरडेपणाला असलेल्या ताकदीचा? लेखात ताकद आणि कोरडेपणा यांचा आलेख नसेल, फक्त एकेक आकडा असेल, तर हा प्रश्न सुटतच नाही. असा निष्कर्ष बाजूला ठेवा.

चाचणीचं पाणी कुठलं होतं? स्वच्छ पाण्यातला निष्कर्ष गिरणीच्या पाण्याला लावताना सावध राहा.

ताणण्याचा दर किती होता, आणि ताणल्यानंतर उरलेला ताण मोजला का?

आणि शेवटचा: ज्या मशीनसाठी हे सांगताय, तिथे ओपन ड्रॉ आहे का, कुठे आहे, वेग किती आहे?

या प्रश्नांनी काय बदलतं ते बघा. कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारं रसायन आहे, आणि कधीही न वाळलेल्या कागदाचीही ताकद ते वाढवतं, हे 1990 च्या दशकापासून माहीत आहे. तक्त्यात त्याचा बाण वरच असतो, आणि तो बरोबर आहे. पण ते स्वस्त नाही. रद्दीवर चालणाऱ्या, मिनिटाला दोन-तीनशे मीटर वेगाच्या छोट्या मशीनवर वळण्याचा हिस्सा तसाही किरकोळ. तिथे पेपर तुटत असेल, तर आधी रोलचा चिकटपणा, डॉक्टर ब्लेड, फेल्टची स्वच्छता आणि प्रेसनंतरचा कोरडेपणा बघावा लागेल. याउलट जलद मशीनवर एक टक्का कोरडेपणा मिळाला तरी दुहेरी फायदा: ताकद वाढते आणि ओलं वजन घटल्यामुळे मागणीही कमी होते. तक्त्यात हा दुहेरी फायदा कुठेच दिसत नाही, कारण मागणीचा रकानाच नसतो.

एक ब्रेक म्हणजे मशीन थांबणं, ओला लगदा पुन्हा टाकीत, वाफ फुकट, आणि पाळीवरच्या माणसांनी गरम रोलच्या आसपास हात घालून कागदाचं टोक पुन्हा ओढून नेणं. हात भाजण्याचा, अडकण्याचा धोका त्या क्षणी सगळ्यात जास्त. त्या माणसाला 'अठरा घटक परिणाम करतात' हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. त्याला हवंय ते एवढंच: इथे, या ड्रॉवर, आत्ता कमी काय पडतंय? कोरडेपणा, पकड, की उरलेला ताण? जो लेख या तीनपैकी एकाकडे बोट दाखवायला मदत करतो, तो आपल्या क्षेत्रातला चांगला लेख. बाकीचे लेख तक्त्यात आणखी एक ओळ वाढवतात.